शंभर गोळ्यांच्या दोनशे त्रेसष्ट कशा झाल्या

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार. डावा गुडघा हल्ली जिना चढताना कुरकुरतो असं आईकडून कळलं, म्हणून त्याला एक जादा. मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता तुम्ही घासलेल्या भांड्यांवर राहिलेले डागही त्यांना दिसू लागलेत, हेही आईनेच सांगितलं. आमच्याकडे बायको ठीक, मुलगी ठीक, मी ठीक (तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात सांगायची पद्धत आहे). गेली दोन वर्षं आपण एकमेकांची खबर आईमार्फत घेतोय. ती बिचारी आपल्या दोघांमधलं टपालखातं झाली आहे आणि मजकुरात स्वतःची भरही घालते. 'मामाने तुला सुखी राहा म्हणून सांगितलंय' हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं असेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. फोन करावा तर माझा आवाज ऐकताच तुम्ही तो ठेवून देता. कागद मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, निदान शुद्धलेखनाच्या चुका काढण्यासाठी तरी. म्हणून या पत्रात काही चुका मुद्दाम ठेवल्या आहेत. बाकीच्या माझ्या स्वतःच्या आहेत.

मूळ प्रकरण तुम्हाला पाठ असेल, तरी एकदा माझ्या तोंडून होऊन जाऊ दे. आईच्या वाढदिवसाचं जेवण चाललं होतं. तुम्ही सांगत होतात की पस्तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली, पण माझा हात लागलेली एकही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली नाही. तेव्हा मी मध्येच तोंड घातलं, की मामा, आता लिफ्टला पाना लागत नाही, प्रोग्राममधल्या दोन ओळी बदलल्या की काम झालं. सगळे हसले (आईसुद्धा, पण आता ती ते कबूल करत नाही). तुम्ही उठलात, हात धुतलेत, चपला घातल्यात आणि चालू लागलात. मामी नुकत्याच जेवायला बसल्या होत्या, त्यांना पहिला घास ताटात तसाच ठेवून तुमच्यामागे धावावं लागलं. त्यांची मी वेगळी माफी मागितली आहे. तुमची मागायला दोन वर्षं लागली, कारण मी काय बोललो ते मला कळायलाच दोन वर्षं लागली. कशी, ते आता सांगतो. पत्र लांबेल. चष्मा लावा.

तुम्हाला माहीतच आहे की मी वीस वर्षं प्रोग्राम लिहितोय. आमची कंपनी औषधाच्या गोळ्या मोजून बाटलीत भरणारी यंत्रं बनवते. वर मोठं नरसाळं, खाली थरथरणाऱ्या आठ पन्हळी, प्रत्येक पन्हळीच्या तोंडाशी प्रकाशाचा एक किरण. गोळी पडली की किरण तुटतो, किरण तुटला की आकडा एकाने वाढतो, शंभर झाले की बाटली पुढे सरकते. मोजायचं काम आजवर माझा प्रोग्राम करायचा. तो आधी पहिल्या पन्हळीकडे बघायचा, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे, आणि आठवीपर्यंत पोचेस्तोवर पहिलीतून एखादी गोळी डोळा चुकवून सटकलेली असायची. यंत्राचा वेग वाढवल्यावर तर गोळ्यांनी लाजच सोडली. तेव्हा असं ठरलं की मोजणी एका चिपमध्ये करायची. ही चिप कोरी मिळते. आत कसलं सर्किट हवं ते आपण एका खास भाषेत लिहून द्यायचं, की ती आतल्या आत तशी जोडली जाते. त्या भाषेचं नाव व्हेरिलॉग. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं की हे कोण शिकेल, तेव्हा सगळ्यांना आपापल्या वहीत काहीतरी महत्त्वाचं सापडलं. मी एकटा मान वर करून म्हणालो, "भाषाच आहे ना? मला सात येतात. आठवी आठवड्यात होईल."

कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंनी हे ऐकून माझ्याकडे बघितलं. त्या आमच्या हार्डवेअर विभागाच्या प्रमुख. हातात कायम तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न असतं म्हणून सगळे त्यांना मागून सोल्डरबाई म्हणतात, आणि त्यांना ते माहीत आहे. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पाच मिनिटं त्यांच्याशी बोललं तर साडेचार मिनिटं आपणच बोललेले असतो. तर मला शिकवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी मला एक चिप बसवलेला हाताएवढा बोर्ड दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही जे लिहाल ते चालणार नाही, बनणार आहे. एवढं लक्षात ठेवा." मी मान डोलावली. (मान डोलावण्यात मी किती तरबेज आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी सुटीत तुमच्याकडे यायचो तेव्हा तुम्ही मला लिफ्टच्या वायरी समजावून सांगायचात आणि मी अशीच डोलवायचो.)

पहिल्या दिवशी मी एक झकास प्रोग्राम लिहिला. प्रत्येक गोळी मागच्या हजार गोळ्यांशी ताडून बघायची, म्हणजे एखादी वेडीवाकडी आली तर लगेच कळेल. हजार वेळा फिरणारं एक चक्र, साडेतीन ओळींत. वीस वर्षं मी अशी चक्रं चुटकीसरशी लिहीत आलोय. कॉम्प्युटर तासभर घुमला आणि त्याने अहवाल दिला की चिप चारशे बारा टक्के वापरली गेली. मामा, शाळेपासून मला कधी शंभरच्या वर टक्के मिळाले नव्हते. मी तो अहवाल छापून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो वाचला, आयर्न स्टँडवर ठेवलं (ही गोष्ट त्या क्वचितच करतात) आणि समजावून सांगितलं, की या भाषेत 'हजार वेळा ताडून बघ' म्हटलं की ती एका माणसाला हजार फेऱ्या मारायला लावत नाही, हजार माणसं कामावर ठेवते. मी लिहिलेल्या साडेतीन ओळींतून ताडणारी हजार सर्किटं तयार झाली होती आणि ती मावायला अशा चार चिपा घेऊनही वर थोडी जागा लागली असती.

मग आणखी एक घोळ. मी लिहिलं, आधी हे कर, मग ते कर, मग तिसरं कर. बाईंनी विचारलं, यातलं आधी काय होईल. मी म्हणालो, पहिलं. का? कारण ते वर आहे. त्या भिंतीपाशी गेल्या. तिथे दिव्यांची बटणं एकाखाली एक आहेत. "यातलं वरचं बटण खालच्याच्या आधी लागतं का?" असं विचारून त्या चहा प्यायला निघून गेल्या, आणि मी वीस वर्षांचा अनुभव घेऊन त्या बटणांसमोर उभा राहिलो. त्या चिपमध्ये आधी-नंतर असं काही नसतं, मामा. सगळं एकदम. घड्याळाचा ठोका पडला की आठही पन्हळींची आठ सर्किटं एकाच क्षणी आपापलं काम उरकतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. तुमच्या लिफ्टमध्ये दार, दिवा, मोटर आणि ब्रेक सगळे एकाच वेळी जागे असतात आणि एकमेकांवर डोळा ठेवून असतात, हे तुम्ही मला मी दहा वर्षांचा असताना सांगितलं होतं. तेव्हा मी खिडकीतून बाहेरची मांजर बघत होतो.

तिसऱ्या आठवड्यात (आठवडा म्हणालो होतो, पण कितवा ते म्हणालो नव्हतो) मी लिहिलं की बाटली भरली तर लाल दिवा लाव. दिवा लागला. बाटली पुढे गेली, नवी रिकामी बाटली आली, तरी दिवा लालच. मी बोर्ड हलवला, फुंकर मारली, शेवटी बंद करून पुन्हा चालू केला. बाईंनी एका बोटाने माझी ओळ दाखवली. बाटली भरली तर काय ते मी लिहिलं होतं, भरली नसेल तर काय ते लिहिलंच नव्हतं. आणि या भाषेचा स्वभाव असा, की उलट काही सांगितलं नाही तर जे आहे ते ती जन्मभर धरून ठेवते. हा गुण आपल्या घराण्यात माणसांमध्येही आहे, पण त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

अशा लाथा खात खात दोन महिन्यांनी माझं सर्किट स्क्रीनवर चाललं. बोर्डावर चढवण्याआधी ते कॉम्प्युटरवर खोटंखोटं चालवून बघायची सोय असते. तिथे खोट्या गोळ्या पडत होत्या, हिरव्या रेषा कंगव्याच्या दातांसारख्या वरखाली होत होत्या आणि शंभर खोट्या गोळ्यांचा आकडा बरोबर शंभर येत होता. मी त्या रेषांचा कागद घरी नेऊन फ्रिजवर लावला. मुलीने विचारलं, हे कुणाच्या हृदयाचं आहे. बायको म्हणाली, बाबांच्या कंपनीतल्या कुणाचंतरी असेल, बाबांना ते नाही. मी दोघींकडे दुर्लक्ष केलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना सांगितलं की गिऱ्हाइकाला बोलवा, यंत्र तयार आहे. बाईंनी तेवढ्यात 'खऱ्या गोळ्या अजून पाडल्या नाहीत' असं काहीसं म्हटलं. पण त्या हळू बोलतात.

औषध कारखान्याचे तपासनीस आले. उंच, सडपातळ, मनगटावर दोन घड्याळं (का ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही). त्यांनी आपल्या डब्यातून स्वतः मोजलेल्या शंभर गोळ्या नरसाळ्यात ओतल्या. यंत्र घरघरलं, गोळ्या खळखळत उतरल्या आणि आकडा आला दोनशे त्रेसष्ट. मी म्हणालो, पहिला घाणा आहे, पुन्हा टाकू. दुसऱ्यांदा तीनशे दहा. तपासनिसांनी गोळ्या ट्रेवर ओतून पातळ पट्टीने पाच-पाच करून मोजल्या. शंभरच होत्या. "आमच्याकडे शंभर टाकल्या की शंभरच निघतात," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे वीण चांगली आहे." मग त्यांनी डब्याचं झाकण लावता लावता जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. यंत्राने शंभर म्हटलं आणि बाटलीत अडतीसच गेल्या, तर ती बाटली ज्या घरी जाईल तिथला माणूस महिन्याचे शेवटचे दिवस गोळीविना काढेल. हृदयाची गोळी आहे. कळवायला तो आमच्याकडे येणार नाही. मोठ्या साहेबांनी तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि ते गेल्यावर आम्हाला सांगितलं की या वेळी फसलं तर हार्डवेअर विभागाचं दुकान बंद. म्हणजे चूक माझी आणि घरी जाणार सोल्डरबाई आणि त्यांची चार माणसं.  

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ऑसिलोस्कोपसमोर बसवलं, म्हणजे तारेतल्या विजेचा चढउतार रेषेने दाखवणाऱ्या पडद्यासमोर. किरणाची तार त्याला जोडली आणि पन्हळीतून एकच गोळी सोडली. मला वाटलं होतं, रेषा एकदा खाली जाईल आणि वर येईल. प्रत्यक्षात ती गोळी कोलांट्या मारत पडत होती. तिच्या कडेने किरण तुटत होता, जुळत होता, पुन्हा तुटत होता, आणि रेषा थंडी भरल्यासारखी थरथरत होती. आमची चिप सेकंदाला पाच कोटी वेळा डोळे उघडते. तिला प्रत्येक थरथर ही नवी गोळी वाटत होती. त्या रेषेकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "बोट एकदाच दाबतं, पत्रा चारदा नाचतो." बाईंनी विचारलं, हे कुणाचं वाक्य. मी म्हणालो, माझ्या मामांचं. लिफ्टचं बटण उघडून त्यांनी मला आतली पितळी पट्टी दाखवली होती. मग बटणापासून ते दोन मजल्यांच्या मध्ये न अडकलेल्या लिफ्टपर्यंत सगळं सांगितलं, वाढदिवसाच्या जेवणासकट. बाईंनी तुमचा फोन नंबर मागितला. मला वाटलं, आदरापोटी असेल.

उपाय तुम्हाला माहीतच आहे. रेषा ठरावीक वेळ स्थिर राहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी तसं सर्किट लिहिलं, या वेळी आधी कागदावर चित्र काढून आणि 'नाहीतर काय' हे प्रत्येक ठिकाणी विचारून. शंभर टाकल्या, शंभर आल्या. हजार टाकल्या, हजार आल्या. दहा हजार टाकल्या तर दहा हजार तीन. दोन आठवडे त्या तीन गोळ्यांनी माझं रक्त आटवलं. मी सगळं सर्किट चारदा नव्याने लिहिलं. बायको म्हणाली की जेवताना मी भाताची शितं मोजतो.

आणि मग, मामा, एका सकाळी मी एकटाच यंत्रापाशी उभा होतो. कॉम्प्युटर सोडून जरा यंत्राकडेच बघावं असं मला आपणहून सुचलं. मी कान देऊन ऐकू लागलो. सातव्या पन्हळीखाली कुणीतरी एक स्क्रूड्रायव्हर विसरून गेलं होतं, आणि पन्हळीवर खडूची एक फुली होती (कसली ते कळलं नाही). तिथे वाकलो तर घरघरीच्या आत एक बारीक किरकिर. किरण धरून ठेवणाऱ्या पट्टीचा स्क्रू अर्धा आटा सैल होता. थरथर वाढली की पट्टी झुलायची आणि किरण आपोआप तुटायचा. मी स्क्रू आवळला. दहा हजार टाकल्या, दहा हजार आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी पिळून दुरुस्त केलं होतं. हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, हातवारे करून, काहींना दोनदा.

तपासनीस ठरल्या दिवशी आले. पाच हजार गोळ्या ओतल्या. आकडा आला पाच हजार एक. मोठे साहेब माझ्याकडे बघत होते, बाई आकड्याकडे. मी तोंड उघडलं, वीण, पहिला घाणा, काय वाटेल ते सांगायला, पण बाईच आधी बोलल्या. "यंत्र बरोबर आहे. गोळ्या पाच हजार एक आहेत." इतकं स्पष्ट त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तपासनिसांनी कोटाच्या खिशातून रिकामा हात बाहेर काढला. "एक मी मागाहून टाकली," ते म्हणाले. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सही केली. बाईंचं दुकान चालू राहिलं.

तर अशी हकिकत आहे. दोन ओळी बदलल्या की काम झालं, असं मी म्हणालो होतो. त्या दोन ओळींखाली पितळी पट्टी असते, तिच्यावर स्क्रू असतो आणि त्या स्क्रूवर कुणाचा तरी हात असतो, हे मला ठाऊक नव्हतं. चुकलो. माफ करा. मामींना नमस्कार.

तुमचा (अजून मानत असाल तर)
भाचा

ता. क. कान देऊन स्क्रू सापडल्याचं मी वर जे लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. सोल्डरबाई खोटं बोलत नाहीत, फक्त विचारेपर्यंत बोलत नाहीत. काल मी सहज विचारलं की तो स्क्रूड्रायव्हर कुणाचा, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी तुम्हाला फोन लावला, यंत्राजवळ धरला, आणि तुम्ही तिकडून एकेका पन्हळीपाशी न्यायला सांगत सातवीवर थांबलात. खडूची फुली आणि स्क्रूड्रायव्हर ही तुमचीच आयडिया. 'सांगितलं तर तो मान डोलावेल, त्याचं त्यालाच सापडू दे,' असं तुम्ही म्हणालात म्हणे. मी नऊ दिवस हातवारे करत फिरत होतो. वरचा मजकूर काल सकाळीच लिहून झाला होता आणि तो खोडायला मन होईना, कारण वाचायला चांगला वाटतो.

ता. क. २. आता कामाचं. माझे हातवारे मोठ्या साहेबांपर्यंत पोचले. पुढच्या महिन्यात सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर माझं व्याख्यान ठेवलंय. विषय, 'यंत्राचा दोष कानाने कसा ओळखावा'. प्रात्यक्षिकासह. तीन यंत्रं मुद्दाम बिघडवून ठेवणार आहेत. मामा, मला त्या यंत्रातून फक्त घर्रर्र ऐकू येतं. एकतर तुम्ही येऊन व्याख्यान द्या, नाहीतर मला शिकवा. खरं म्हणजे याचसाठी पत्र लिहायला बसलो होतो. माफीचा भाग लिहिता लिहिता खरा झाला.

ता. क. ३. रविवारी सकाळी दहाला येतोय. तुम्ही दार उघडणार नाही हे गृहीत धरून मामींशी बोलून ठेवलंय. त्या उघडणार आहेत. म्हणाल्या, तुझे मामा दोन आठवड्यांपासून जुन्या लिफ्टचा मोटरपंखा खोलून ठेवून बसलेत, कुणाला दाखवायचाय ते सांगत नाहीत.